पूरमैदानं ओळखण्याचं काम: ४० किलोमीटर नदीच्या नोंदी

७ डिसेंबर

काम ठरलं. नदीचा ४० किलोमीटरचा पट्टा घेतलाय: वर अरुंद घळ, मध्ये नागमोडी भाग, खाली एकदम सपाट. दोन्ही काठांच्या सपाट जमिनीचे, म्हणजे पूर जिथे पसरतो त्या पूरमैदानाचे, प्रकार ओळखायचे आणि कुठे पुराचा धोका कसला आहे ते नकाशावर मांडायचं. हाताशी आधीचा एक नकाशा आहे, पण त्यात सगळंच पूरमैदान एका निळ्या रंगात रंगवलंय. घळीतलं कुरणही निळं आणि खालची दलदलही निळी.

माणसं दोन, मी आणि एक मित्र. फक्त शनिवार-रविवार. अंदाज सहा आठवड्यांचा.

(हे नंतर लिहितोय: लागले जवळपास आठ महिने. पुढच्या नोंदी वाचून कुणाचे दोन-तीन महिने वाचले तरी पुष्कळ.)

सामान: गवंडी पाणसळीला वापरतात तसली २० मीटरची पारदर्शक नळी, खुणा केलेल्या दोन पट्ट्या, जमिनीत भोक पाडून माती वर काढायचा दीड मीटरचा गिरमिट, टेप, फोन, आणि घरच्या संगणकावर क्यूजीआयएस (नकाशे करायचं सॉफ्टवेअर).

१४ डिसेंबर

दिवस वाया. फोनच्या जीपीएसवर ४२ बिंदूंची उंची घेतली आणि घरी येऊन उपग्रहाच्या उंचीशी ताडून पाहिली, तर एकही जुळेना. फरक कित्येक मीटरचा, पण सगळीकडे जवळपास सारखाच. म्हणून संशय आला.

कारण सापडलं. कोपर्निकस या युरोपीय उपग्रह-कार्यक्रमाचा ३० मीटरचा (एक ठिपका ३० मीटरचा) मोफत उंची-डेटा समुद्रसपाटीच्या जवळ जाणाऱ्या पृष्ठापासून उंची देतो. माझा फोन देत होता ती पृथ्वीच्या गुळगुळीत गणिती आकारापासूनची. या दोन्हींतला फरक जगात कुठे ८५ मीटर वर, तर कुठे १०६ मीटर खाली, इतका जातो. तो फरक वजा करता येतो, पण तेवढ्याने भागलं नाही. एकाच दगडावर तासाच्या अंतराने घेतलेल्या दोन उंच्यांत ६ मीटरचा फरक निघाला. पुराच्या कामात अर्धा मीटर म्हणजे घर कोरडं राहणं किंवा भिजणं. त्यामुळे उंचीसाठी फोन बंद. तो फक्त जागा नोंदवायला.

आता उंची मोजायची ती नदीच्या त्या दिवसाच्या पाण्यापासून, पाणसळीने.

२१ डिसेंबर

पाणसळीनेही एक दिवस खाल्ला. नदीपासून आत ३०० मीटर गेलो, तेच अंतर परत आलो, तर सुरुवातीच्याच खुणेवर ४० सेंटिमीटरचा फरक! नळी उन्हात धरून बघितली, तर मधल्या वेटोळ्यात करंगळीएवढा हवेचा बुडबुडा. सकाळी घाईत नळ सोडून नळी भरली होती, त्यात तो अडकला.

आता रीत ठरवली आहे. नळी भरायची ती उंचावर ठेवलेल्या बादलीतून, तोंडाने ओढून. भरल्यावर दोन्ही टोकं एकमेकांना लावून पाणी समपातळीत येतंय ना ते बघायचं. हे प्रत्येक वेळी, जेवून परत आल्यावरसुद्धा. पाण्यात थोडा रंग टाकला तर पट्टीवर वाचायला सोपं जातं. आणि प्रत्येक रेषा सुरुवातीच्या खुणेवर परत आणून बंद करायची. ५ सेंटिमीटरपेक्षा जास्त चूक निघाली तर ती रेषा पुन्हा.

४ जानेवारी

मैदानात गवत छातीभर. चढ-उतार दिसतच नाहीत. मोजमाप चालू ठेवलं, पण आंधळी कोशिंबीर झाली. मधल्या भागाला गवत वाळेपर्यंत हात लावायचा नाही असं ठरवलं. तोवर संगणकावरचं काम.

११ जानेवारी

आज स्वतःवरच हसलो. उंचीच्या डेटात खालच्या भागात नदीच्या दोन्ही काठांना ५-६ मीटर उंचीचा सलग बांध दिसला. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीसारखा पूरतट: पूर काठावर चढला की जड वाळू आणि गाळ तिथेच टाकतो, त्यातून तयार होणारा उंचवटा. नकाशावर रंगवूनही टाकला.

मग हवाई छायाचित्र त्यावर ठेवलं. काठाला झाडांची रांग! कोपर्निकसचा डेटा जमिनीचा नाही, वरून जे दिसतं त्याचा आहे, म्हणजे झाडांचे शेंडे आणि छपरं धरून. झाडं आणि इमारती गणिताने वजा केलेली फॅबडेम नावाची आवृत्ती २०२२ मध्ये निघाली आहे, ती उतरवून घेतली. बांध दीड मीटरवर आला. खरा किती, ते जागेवर जाऊनच कळेल.

१८ आणि १९ जानेवारी

नदीपासूनच्या उंचीचा नकाशा करायचा होता. प्रत्येक ठिकाणाचं पाणी वाहत ज्या प्रवाहाला जाऊन मिळतं, त्या प्रवाहापासून ते ठिकाण किती उंच आहे, असा. पद्धत जुनी आणि चांगली आहे. पहिली पायरी म्हणजे उंचीच्या डेटातले खड्डे भरणं, कारण खड्डा असला की संगणकावरचं पाणी तिथेच थांबतं आणि पुढे वाहत नाही. भरले. नकाशा गुळगुळीत, सुंदर.

सुंदर म्हणूनच चुकीचा. पूरमैदानातला प्रत्येक खरा खोलगट भाग, म्हणजे जुनं मेलेलं पात्र, नालाकृती सरोवर (नदीपासून तुटलेलं जुनं वळण), पूरतटामागची पाणथळ, हे सगळं मी स्वतःच्या हाताने बुजवलं होतं. जे शोधायला निघालो तेच.

दुसरी चूक त्याहून बेरकी. खालच्या भागात पूरतटाच्या मागून एक लहान ओढा नदीला समांतर कितीतरी अंतर वाहतो आणि मग कुठे मिळतो. पूरतटाची भिंत ओलांडता येत नाही म्हणून. मिसिसिपीला अशीच याझू नदी मिळते आणि भूगोलात अशा उपनद्यांना तिच्याच नावाने ओळखतात. संगणकाने तिथली उंची या लहान ओढ्यापासून मोजली. पूर मोठ्या नदीचा, उंची ओढ्यापासूनची!

दुरुस्ती: खड्डे भरण्याआधीचा डेटा वेगळा ठेवला आणि भरलेल्यातून तो वजा केला. जो फरक उरला, तीच खोलगट भागांची यादी. त्यातून पूल आणि रस्त्यांच्या भरावामुळे उगाच झालेले खड्डे हाताने काढले. शिवाय उंची दोन वेळा काढली, एकदा सगळ्या ओढ्यांपासून, एकदा फक्त मुख्य नदीपासून. दोन नकाशांत जिथे मोठा फरक, तिथे जागेवर जायचंच.

१ फेब्रुवारी

वरची घळ. दोन्ही बाजूंना खडक, मध्ये नदी आणि काठाला चिंचोळी सपाट कुरणं. नदीपासून साडेतीन ते चार मीटर उंच, वर दाट गवत. आधीच्या माझ्या उंचीच्या नकाशावर ही जागा 'कमी धोका'.

पात्रात उतरून दगड बघितले. डोक्याएवढे चपटे गोटे छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक रेललेले, सगळ्यांचा उतार प्रवाहाच्या वरच्या अंगाला. हे पाण्याने रचलेले. दरडीतून पडलेले असते तर वेडेवाकडे पडले असते. मग काठाच्या उभ्या कापात मातीचे थर मोजले: खाली गोटे, वर वाळू आणि बारीक गाळाचे पातळ थर, एकावर एक. म्हणजे कुरण पुरानेच बांधलंय, हळूहळू.

दोनशे मीटर खाली मात्र अशाच कुरणाचा अर्धा भाग गायब होता. उरलाय तो गोट्यांचा उघडा पट्टा आणि कडेला मातीची उभी भिंत. घळीत पाण्याला पसरायला जागा नसते. उंची वाढत जाते, वेग वाढत जातो आणि शेकडो वर्षं साठलेली जमीन एकाच मोठ्या पुरात सोलून निघते. या कुरणाला धोका भिजण्याचा नाही, नाहीसं होण्याचा आहे. शिवाय पूर इथे काही तासांत येऊन जातो, सूचना मिळायला वेळच नसतो.

गिरमिट गोट्यात अडकला. काढताना दांड्याचा जोड तुटला. दुरुस्तीत एक आठवडा.

१५ फेब्रुवारी

घळ संपते तिथे डाव्या बाजूने एक ओढा डोंगरातून येतो आणि मैदानावर पंख्यासारखा पसरतो. आज कोरडा ठणठणीत. मित्र म्हणाला, "यात काय बघायचं? उद्या कुणी घर बांधायला जागा मागितली तर हीच देईन. उंच आहे, उताराची आहे, पाणी थांबणारच नाही."

मलाही तसंच वाटलं असतं. पण पंख्यावर आडवं चालत गेलो. टोकाच्या दोन्ही कडांमध्ये सहा जुनी पात्रं लागली, प्रत्येक वेगळ्या दिशेला. काहींत झुडपं, एकात ताजी वाळू. पायाखाली मिसळ: टोपलीएवढा दगड, वाळू आणि चिखल एकत्र, थर नाहीतच. पाण्याने वाहून आणलेला गाळ वेगवेगळा बसतो, हा ओतलेल्या काँक्रिटसारखा दिसत होता. म्हणजे इथे कधीतरी दगडमातीचा लोंढा आला होता.

पंख्यावर नदीपासूनची उंची बघून उपयोग नाही. पुढच्या वेळी ओढा सहांपैकी कोणती वाट धरेल, की सातवी काढेल, हा खरा प्रश्न. नेपाळातून बिहारात येणाऱ्या कोसी नदीचं उदाहरण याच जातीचं, फक्त अवाढव्य. १८ ऑगस्ट २००८ ला नेपाळात कुसहाजवळ तिची तटबंदी फुटली तेव्हा नदीत पाणी तटबंदीच्या क्षमतेच्या कितीतरी खाली होतं. तरी ती सुमारे १२० किलोमीटर पूर्वेकडच्या जुन्या वाटांवर गेली. पाणी जास्त झालं म्हणून नाही, पात्र गाळाने वर आलं होतं म्हणून.

पंख्याला नकाशावर वेगळा रंग आणि वेगळी टीप: उंची लागू नाही.

१ मार्च

पंख्याच्या खाली दोन किलोमीटर नदी वेणीसारखी गुंफलेली. वाळूची बेटं, चार-पाच धारा, त्या दर वर्षी जागा बदलणाऱ्या. इथे फार वेळ घालवला नाही. काठ कुठे ठरवायचा हाच वाद. १९८४ पासूनच्या लँडसॅट उपग्रहांच्या चित्रांवरून ज्या ज्या जागी कधीतरी पाणी दिसलंय ती सगळी जमीन पात्रातच धरली. मित्राला पटलं नाही, मी धरली.

१५ मार्च

गवत वाळलं. मधला भाग. आजच्यासारखा दिवस या कामात पुन्हा आला नाही.

सकाळी सातला टेकडीवर चढलो. ऊन तिरकं असताना खालची सपाट वाटणारी जमीन एकदम उठून दिसली: नदीच्या वळणाच्या आतल्या बाजूला कमानीसारखे वरंबे आणि त्यांच्यामध्ये सऱ्या, शेतातल्या सरी-वरंब्यासारखेच, पण एकेक वरंबा शंभर-दीडशे पावलं रुंद. वळण बाहेर सरकत गेलं तशी आत एकेक ओळ मागे राहिली. साडेनऊला ऊन वर आलं आणि सगळं पुन्हा सपाट झालं. जानेवारीत गवतात इथेच आम्ही दोन दिवस धडपडलो होतो.

खाली उतरून पाणसळ लावली. वरंबा आणि सरी यांत जेमतेम ७० ते ९० सेंटिमीटर फरक. ३० मीटरच्या डेटात याचा मागमूस नाही. वरंब्यावर गिरमिटाने वाळू आली, सरीत वर पोयटा, खाली चिकणमाती.

तिथे गुरांमागे फिरणारे एक आजोबा बराच वेळ आमचं बघत होते. त्यांना विचारलं, पूर आला की पाणी पहिल्यांदा कुठून चढतं? नदीकाठच्या उंच घरांकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. उलट बाजूला, शेतापलीकडच्या झुडपांकडे काठी दाखवली.

"तिथनं. पोरांनो, नदी समोरून कधी येत नाही. मागनं येते. समोर बघत बसलेला माणूस मागच्या रस्त्याला मुकतो."

झुडपांत गेलो. जुनं पात्र, नालाकृती सरोवर होऊन अर्धं बुजलेलं. वरचं तोंड चिकणमातीने पक्कं बंद झालेलं, खालचं तोंड मात्र नदीला अजून उघडं. नदी वाढली की पाणी खालच्या तोंडातून उलटं आत शिरणार, फुगवट्याचं पाणी, शांतपणे. काठाची घरं कोरडी असतानाच त्यांच्या मागचा रस्ता बुडणार. खालच्या तोंडाशी पाणसळीने मोजलं, तर नदीकाठच्या घरांच्या जोत्यापेक्षा रस्ता २ मीटर १० सेंटिमीटरने खाली!

तीन महिने मी 'किती उंच' हा एकच प्रश्न घेऊन फिरत होतो. आजपासून प्रत्येक तुकड्याला चार प्रश्न: पाणी कुठून येतं, किती वेगाने, सोबत काय आणतं, किती दिवस राहतं. वहीची रकानेवारी रात्री बदलली. आधीच्या ६० बिंदूंपैकी ३८ ठिकाणी परत जावं लागेल. मित्राने फोन ठेवून दिला.

२९ मार्च

मधल्याच भागात, वळणाच्या बाहेरची बाजू. इथे काठ उभा, सरळसोट. काठापासून चार पावलांवर जमिनीत भेग, बोट जाईल एवढी. जुन्या लँडसॅट चित्रांवरून मोजलं: ३० वर्षांत हा काठ सुमारे ११० मीटर सरकला. चित्रातला एक ठिपकाच ३० मीटरचा, त्यामुळे ११० चे ८० किंवा १४० ही असू शकतात. पण दिशा पक्की. सरासरी काढून 'वर्षाला ३.७ मीटर' असं नकाशावर लिहिणार होतो, पण खोडलं. चित्रं ओळीने लावून बघितली तर सरकणं जवळजवळ सगळं दोनच टप्प्यांत झालंय, मधली कित्येक वर्षं काठ तिथेच. सरासरीने माणूस गाफील राहील.

१२ एप्रिल

खालचा भाग. पूरतट प्रत्यक्षात सव्वा मीटर, फॅबडेमचा दीड बरा निघाला. त्यावरून मागे चालत गेलं की जमीन कळत नकळत उतरत जाते आणि ६०० मीटरवर पाणथळ.

गिरमिट इथे लोण्यात जावा तसा गेला. ४० सेंटिमीटरवर राखाडी चिकणमाती, तिच्यात गंजाचे नारिंगी ठिपके, त्याखाली निळसर राखाडी. ही जमीन वर्षातला बराच काळ पाण्याखाली असते, हवा मिळत नाही, लोहाचा रंग उडतो. जिथे मधूनमधून हवा मिळते तिथे गंज धरतो. ठिपके किती खोलीवर सुरू होतात ते नोंदवा, पाणी किती वर येऊन थांबतं याचा तो आयता लेखाजोखा आहे. मातीची हातावर वळी केली, काडीएवढी बारीक होईपर्यंत तुटली नाही. पाणी इथून मुरून जाणार नाही.

झाडांच्या बुंध्यांवर चिखलाची रेषा सगळीकडे एकाच उंचीवर. घळीत अशी रेषा सापडली नव्हती, तिथे फांद्यांत अडकलेल्या गवताच्या गुंडाळ्या होत्या, त्याही सगळ्या वेगवेगळ्या उंचीवर. उसळणारं पाणी आणि उभं पाणी यातला फरक एवढ्यावरून कळतो.

२६ एप्रिल

नॅन्सन आणि क्रोक या संशोधकांनी १९९२ मध्ये पूरमैदानांची वर्गवारी मांडली, ती पात्राच्या दर चौरस मीटरवर पाणी किती जोर लावतं यावर. ३०० वॅटच्या वर जोरदार, १० ते ३०० मध्यम, १० च्या खाली मंद. काठोकाठ भरलेल्या पात्राचा प्रवाह मॅनिंगच्या सूत्राने काढला (पात्राचा आकार, उतार आणि खडबडीतपणा यांवरून प्रवाह देणारं सूत्र). रुंदी, खोली जागेवर मोजलेली, उतार नकाशावरून.

खालच्या भागाला उत्तर आलं १३ वॅट. मध्यम? जिथे पाणी उभं राहतं तिथे? दोन संध्याकाळी आकडे तपासण्यात गेल्या. चूक उतारात होती. उंचीतला फरक मी सरळ रेषेतल्या अंतराने भागला होता. नदी तेच अंतर वळसे घेत २.१ पट लांब जाते. पात्राच्या लांबीने भागल्यावर उतार निम्म्याखाली आला, त्यामुळे प्रवाहही कमी झाला आणि उत्तर ४ वॅट. हे बसलं.

आणखी एक सूचना: उतार काढायला दोन बिंदू जवळचे घेऊ नका. या डेटात दोन-चार मीटरची चूक सहज असते. खालच्या भागात नदी एका किलोमीटरला ८ सेंटिमीटर उतरते! मी शेवटी भागाची अख्खी लांबी घेतली आणि तिथेही टोकांना दहा-दहा बिंदूंची सरासरी केली.

शेवटचे आकडे: घळीत सुमारे ३३०, मध्ये ४०, खाली ४. यातून एक गोष्ट हाती लागली जी शोधत नव्हतो. मधलं पात्र काठोकाठ भरलं की सेकंदाला सुमारे ६३५ घनमीटर पाणी वाहतं. खालचं पात्र मात्र जेमतेम ४६० वाहून नेऊ शकतं. उरलेलं १७५ जाणार कुठे? पूरतटावरून मागे. म्हणजे मध्ये नदी नुसती काठाला टेकली तरी खाली पाणथळ भरायला लागते. मॅनिंगच्या खडबडीतपणाच्या आकड्यात माझा अंदाज थोडा चुकला असेल, पण एवढी तफावत त्याने मिटत नाही.

१० मे

सेंटिनेल-१ या उपग्रहाच्या रडार चित्रांवरून मागच्या पुरांची व्याप्ती काढली. ढगातूनही दिसतं, मोफत आहे, पाणी काळं दिसतं. तिन्ही भागांत तीन प्रकारे फसलो.

वेणीच्या भागात कोरडी, गुळगुळीत वाळूही काळीच दिसते. एप्रिलमध्ये, पायाने चाललो होतो तिथे, 'पूर' निघाला. पाणथळीत उलट. पाण्यात उभ्या झुडपांच्या बुंध्यांवरून लहरी पाण्यावर आपटून परततात आणि चित्र उजळ होतं, म्हणजे पूर असून दिसत नाही. आणि घळीत काहीच नाही, कारण उपग्रह बारा-बारा दिवसांनी फिरकायचा आणि तिथला पूर सहा तासांचा.

उपाय असा केला: वाळूसाठी त्याच जागेचं भर उन्हाळ्यातलं चित्र वजा केलं. पाणथळीसाठी 'नेहमीपेक्षा उजळ' हीही पुराची खूण मानली. घळीसाठी रडारचं काहीच वापरलं नाही आणि नकाशावर 'माहिती नाही' लिहिलं. आधी तिथे कोरा रंग होता. कोरा रंग लोक 'पूर नाही' असा वाचतात.

२४ मे

पावसाआधी पाणी किती चढतं ते मोजायला नळ्या बसवायच्या. बनवायला सोप्या: दीड मीटरची प्लास्टिकची नळी, खाली भोकं, आत लाकडी पट्टी, तळाला बुचाचा भुगा. पाणी चढलं की भुगा तरंगत वर जातो आणि उतरताना सर्वांत वरच्या पातळीवर पट्टीला चिकटून राहतो. रात्री दोनला नदीवर उभं राहावं लागत नाही.

आठ बनवल्या. नशीब, एक बादलीत बुडवून बघितली. बाहेर पाणी ६० सेंटिमीटर, आत ७! वरचं टोपण घट्ट बसवलं होतं, हवा अडकली. आठही टोपणांना खिळा तापवून भोक पाडलं. खालची भोकं प्रवाहाच्या तोंडावर ठेवू नयेत, वेगाने पाणी आत जास्त चढतं. कडेला आणि मागे ठेवली. वरच्या भोकाला जाळी लावली नाही, ती चूक पुढे भोवली.

१४ जून

नकाशाची पहिली पूर्ण प्रत. निळा रंग काढून टाकला. सहा प्रकार: घळीतली कुरणं, पंखा, वेणीचा पट्टा, सरी-वरंब्याचा भाग, पूरतट आणि पाणथळ. सातवा 'जुना सोपान', म्हणजे एकेकाळचं पूरमैदान, जिथून नदी खोल उतरून गेली आणि आता पाणी पोचत नाही. असा एकच तुकडा, घळीच्या तोंडाशी, तांबड्या मातीचा. माती जागच्या जागी मुरून तांबडी व्हायला फार काळ लागतो, म्हणून तो जुना धरला.

'शंभर वर्षांतून एकदा' हे शब्द कुठेही वापरले नाहीत. 'दर वर्षी शंभरात एक' असं लिहिलं आणि शेजारी '३० वर्षांत शंभरात २६'. गणित साधं आहे: एक वर्ष वाचण्याची शक्यता ०.९९, ती तीस वेळा गुणायची, उरलं ०.७४. पहिला शब्दप्रयोग वाचून मित्राच्या घरच्यांनी 'म्हणजे आता नव्वद वर्षं निवांत' असं म्हटलं होतं.

२० जुलै

पूर येऊन गेला. फार मोठा नव्हता. मधल्या भागात नदी काठाच्या थोडी वर होती. आज नळ्या वाचल्या.

मधला भाग: नदीकाठच्या घराजवळची नळी कोरडी. मागच्या रस्त्यावरची १ मीटर १५ सेंटिमीटर. आजोबा भेटले नाहीत, नाहीतर पट्टी दाखवली असती.

घळ: नळी गेली. तिला बांधलेली लोखंडी पहार उरली, प्रवाहाच्या दिशेने कोपरासारखी वाकलेली. फांद्यांतल्या ताज्या गुंडाळ्यांवरून पाणी साडेतीन मीटर चढलं होतं.

दोन नळ्यांत मुंग्यांनी घर करून भुगा बाहेर काढून टाकला होता. वाचन नाही. पुढच्या वेळी जाळी.

पाणथळीत जाताच आलं नाही, पाणी अजून उभं.

आणि माझी चूक. 'जुना सोपान' म्हणून ठामपणे कोरडा दाखवलेल्या तुकड्यावर दोन सेंटिमीटर ताजा गाळ! गिरमिट काढला, पुन्हा भोक पाडलं. फेब्रुवारीत ६० सेंटिमीटरवर दगड लागला म्हणून मी थांबलो होतो. आज दोन पावलं बाजूला घेतलं. ७० वर तांबडी माती संपली आणि खाली पुराची राखाडी वाळू, थरावर थर. तांबडी माती तिथे मुरलेलीच नव्हती, वरच्या डोंगरउतारावरून धुऊन आलेली होती. खाली चालू पूरमैदान, वर डोंगराचं पांघरूण. एकाच भोकावर निकाल दिला होता.

२ ऑगस्ट

सोपानाचा तुकडा घळीच्या कुरणांत टाकला आणि नकाशाची दुसरी प्रत काढली. प्रत्येक तुकड्यावर किती भोकं पाडली तो आकडाही आता नकाशावर छापलाय. काही ठिकाणी तो एकच आहे.

पाणथळीत आज गुडघाभर चिखलातून पोचलो. पाणी १९ दिवस उभं होतं, असं तिथल्या माणसाने सांगितलं. आम्ही अंदाज लिहिला होता 'दहा ते पंधरा'. तो बदलला. तिथल्या दोन नळ्यांपैकी एक चिखलात तिरकी झालीय, वाचन बाद. दुसरी झाडाला बांधलेली, चिखलातच आहे. चिखल वाळला की काढायची.